रोजमेळ : व्यसनमुक्तीनंतरच्या संगणक-शिक्षणाची एक इतिहासकथा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासपर लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मनात प्रथम संकोचच उभा राहिला. मी वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर. पदवी हाती पडली त्याच वर्षी वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसविले आणि तेव्हापासूनचे आयुष्य कापडाच्या ताग्यांमध्ये गेले. मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, वसतिगृह या ट्रस्टच्या कार्याविषयी अधिकारी व्यक्तींचे लेख याच अंकात आहेत. म्हणून थोडा वेगळा विषय घेण्याची मोकळीक मी मागून घेतली. संपादकांनी ती दिली, याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

विषयाचे निमित्त आपल्याच घरातील आहे. गतवर्षी ट्रस्टच्या बैठकीत एक विनंतीपत्र आले होते. ट्रस्टचा संगणक वर्ग दुपारनंतर विद्यार्थ्यांनी भरून जातो. सकाळी मात्र यंत्रांवरची आच्छादने तशीच असतात. त्या वेळात, व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परतलेल्या प्रौढांना संगणकाचे प्राथमिक शिक्षण द्यावे, एवढीच ती विनंती होती. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "ज्याचे मनच अजून ठिकाणावर नाही, त्याला संगणक शिकवून काय साधणार?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या दिवशी कोणापाशीच नव्हते, माझ्यापाशीही नव्हते. विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला आणि तो अद्यापही पुढील बैठकीवरच आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी माझ्या परीने प्रयत्न केला. माझी पुतणी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तिने या विषयावरील शोधनिबंध मिळवून दिले आणि शेजारी बसून समजावूनही सांगितले. तेव्हा असे ध्यानात आले की, हाच प्रश्न जगात इतरत्र फार पूर्वी विचारला गेला होता. त्याचे उत्तर काढण्यासाठी काही मंडळींनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि त्यांचा हिशेब पै-पैने मांडून ठेवला. तो इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कामाला औषध मानण्याचा आरंभ

पाठशाळेत आपण सर्वांनी सप्तव्यसनांची नावे पाठ केली आहेत. त्यात द्यूत पहिले आणि मद्य तिसरे. परंतु नावे पाठ असणे वेगळे आणि घर सुरक्षित असणे वेगळे. 'आपल्यात असे नसते' हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की, ज्यांच्या घरात ते असते त्यांना बोलायला जागाच उरलेली नाही.

पाश्चात्त्य देशांतही पूर्वी व्यसन ही केवळ दुर्वर्तनाची बाब समजली जाई. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी दोन मद्यासक्त गृहस्थ एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला बाहेर काढू शकतो, हा तिचा गाभा. महाराष्ट्रात डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथेही बरे झालेले रुग्णमित्र पुढे कार्यकर्ते झाले, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.

हेरॉइनसारख्या मादक द्रव्यांच्या बाबतीत १९६० च्या दशकात आणखी एक पाऊल पडले. न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मारी नायस्वँडर यांनी मेथाडोन हे तोंडावाटे घेण्याचे औषध उपचारासाठी वापरण्यास आरंभ केला. वैद्यकीय देखरेखीखाली हे औषध नियमित घेतल्यास हेरॉइनची तळमळ शमते. परंतु शरीराची तळमळ शमली, तरी उगवलेला दिवस घालवायचा कसा हा प्रश्न शिल्लकच राहतो. ज्याने ऐन तारुण्याची दहा-पंधरा वर्षे नशेत घालविली, त्याच्याजवळ ना शिक्षण, ना हातात कसब, ना कोणाची शिफारस. त्याला काम कोण देणार?

न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली 'वाइल्डकॅट सर्व्हिस कॉर्पोरेशन' ही संस्था खास याच प्रश्नासाठी स्थापन झाली. पूर्वी व्यसनाधीन असलेल्यांना एकत्र गटाने काम द्यायचे, त्यावर जवळून देखरेख ठेवायची आणि कामाचा भार क्रमाक्रमाने वाढवायचा, अशी तिची पद्धत होती. पुढे १९७५ पासून याच धर्तीवर अमेरिकेतील अनेक शहरांत 'सपोर्टेड वर्क' नावाची मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यात चार प्रकारचे लोक होते आणि त्यांपैकी एक गट पूर्वी व्यसनाधीन असलेल्यांचा होता. १९८० च्या सुमारास निष्कर्ष हाती आले. या गटातील लोकांची कमाई सुधारली, गुन्हेगारीही घटली. परंतु नशा करण्याचे प्रमाण मात्र फारसे बदलले नाही.

हा निष्कर्ष वाचून मी बराच वेळ थांबलो. केवळ काम दिल्याने माणूस व्यसनापासून दूर राहतो, ही आपली सर्वांची समजूत आहे. 'लग्न करा, दुकानात बसवा, आपोआप सुधारेल,' असे आपण म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या हिशेबाने ही समजूत खोटी ठरविली होती.

बाल्टिमोर

यापुढील कथा बाल्टिमोर शहरात घडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड राज्यातील हे जुने बंदर. कापड व्यापाऱ्याला या शहराविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुरुषांचे तयार कपडे शिवणारे हे अमेरिकेतील एक मोठे केंद्र होते. पुढे तो उद्योग ओसरला, पोलादाचा कारखानाही आक्रसत गेला आणि २०१२ साली बंद झाला. हातावर पोट असलेल्या वस्त्यांमधून रोजगार गेला आणि त्या वस्त्यांमध्ये हेरॉइन व कोकेन यांनी ठाण मांडले. गिरण्या बंद पडल्यानंतरची मुंबईची गिरणगावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा वस्त्यांचे वर्णन वेगळे सांगावयास नको.

याच शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तेथील संशोधक व्यसनमुक्तीमध्ये प्रोत्साहनाचा उपयोग कसा होतो, हे बरीच वर्षे तपासत होते. दरम्यान व्हरमाँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स यांनी १९९१ पासून कोकेनच्या रुग्णांवर एक साधी पद्धत वापरून दाखविली. लघवीची तपासणी स्वच्छ निघाली की रुग्णास वस्तू घेण्यासाठी व्हाउचर द्यायचे. सलग जितके दिवस स्वच्छ, तितकी व्हाउचरची रक्कम चढती. एकदा घसरण झाली की रक्कम पुन्हा मूळ पायरीवर. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के रुग्णांनी २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. व्हाउचर न मिळणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होते.

पद्धत गुणकारी ठरली, पण व्यापाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न तेथेही आलाच. हा पैसा कायमचा कोण देणार? धर्मादाय निधी आज आहे, उद्या नाही. या प्रश्नाचे उत्तर जॉन्स हॉपकिन्समधील केनेथ सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. जगात रोज पैसे देणारी एक व्यवस्था आधीपासूनच अस्तित्वात आहे आणि ती म्हणजे पगार. मालक कामाचे दाम देतोच. त्या दामाला निर्व्यसनी राहण्याची अट जोडली तर? या कल्पनेला त्यांनी 'थेराप्युटिक वर्कप्लेस' असे नाव दिले. मराठीत आपण तिला 'उपचाराची कार्यशाळा' म्हणू.

संगणकच का?

कार्यशाळेत काम कोणते द्यायचे, हा पुढचा विचार. निवड झाली ती संगणकावर माहिती भरण्याच्या, म्हणजे डेटा एन्ट्रीच्या कामाची. त्या काळी विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्यापाशी भरलेल्या कागदी अर्जांचे ढीग साठलेले असत आणि ती माहिती संगणकात उतरवून देणारे हात हवे असत.

या निवडीतील शहाणपण मला दुकानदाराच्या नजरेतून जाणवते ते असे. या कामात रोकड हाताळावी लागत नाही, त्यामुळे मोह नाही आणि संशयही नाही. गिऱ्हाइकासमोर उभे राहावे लागत नाही, त्यामुळे नजरा चुकविण्याची वेळ येत नाही. शाळा अर्धवट सोडलेल्या प्रौढालाही की-बोर्डवरील एकेका अक्षरापासून आरंभ करता येतो. आणि मुख्य म्हणजे यंत्र चूक दाखविते, पण टोमणा मारीत नाही. ज्या माणसाने घरीदारी वर्षानुवर्षे टोमणेच ऐकले आहेत, त्याला ही गोष्ट किती मोलाची वाटत असेल याची कल्पना करावी.

शिक्षणाची रीतही पायरीपायरीची होती. प्रथम टंकलेखन, मग की-बोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांचा सराव, मग प्रत्यक्ष माहिती भरणे. सराव थोड्या थोड्या वेळाचा. प्रत्येक सरावानंतर किती अक्षरे बरोबर आली आणि किती चुकली हे लगेच समोर दिसे. ठरलेला वेग आणि अचूकता साधल्यावरच पुढील पायरी. माहिती भरण्याच्या धंद्यात एकच कागद दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी भरायचा आणि संगणकाने दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या, अशी पद्धत रूढ आहे. आपल्या जुन्या पेढ्यांवर मुनीम रोजमेळ व खतावणी ताडून पाहत असत, त्याचेच हे नवे रूप म्हणता येईल.

कार्यशाळेचा दिवस

पहिल्या प्रयोगात ४० स्त्रिया होत्या. सर्व बेकार, सर्व मेथाडोनवर उपचार घेणाऱ्या आणि गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट करण्यात आले. वीस जणींना नेहमीचा उपचार आणि वीस जणींना उपचाराबरोबर कार्यशाळा.

सोमवार ते शुक्रवार रोज तीन तासांची पाळी असे. दारातच लघवीचा नमुना द्यायचा. तपासणीत अफूवर्गीय द्रव्ये किंवा कोकेन आढळले नाही, तरच त्या दिवशी आत प्रवेश. आढळले, तर त्या दिवशीचे काम नाही आणि दामही नाही. पण उद्या दार पुन्हा उघडेच. पहिल्या स्वच्छ दिवसाचे दाम ७ डॉलर. सलग उपस्थिती आणि स्वच्छ तपासणी राहिली, तर ते रोज अर्ध्या डॉलरने वाढत कमाल २७ डॉलरपर्यंत जाई. खंड पडला की पुन्हा ७ पासून आरंभ. याखेरीज कामातील प्रगती, वक्तशीरपणा आणि वागणूक यांबद्दल वेगळी भर. दाम रोख नव्हे, व्हाउचरच्या रूपाने मिळे. रोख हाती देणे धोक्याचे, हे तेथील मंडळींनी ओळखले होते.

येथे नियमाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. जिची वीस-पंचवीस दिवसांची सलग कमाई जमली आहे, तिला एका दिवसाच्या नशेची किंमत केवळ त्या दिवसाच्या दामापुरती राहत नाही. चढून आलेली पायरीही जाते. संयमाची पुंजी जितकी मोठी, तितके ती उधळण्याचे भय मोठे. कोणी रागावत नाही, कोणी प्रवचन करीत नाही. हिशेबच बोलतो.

जमा आणि नावे

आता या प्रयोगांचा ताळेबंद पाहू. जमेची बाजू आधी.

२००१ साली पहिल्या सहा महिन्यांचा निकाल प्रसिद्ध झाला. कार्यशाळेतील स्त्रियांचे सरासरी ५९ टक्के नमुने स्वच्छ होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते. पुढे कार्यशाळा त्यांच्यासाठी चालू राहिली आणि तीन वर्षांपर्यंतचा हिशेब २००२ साली मांडण्यात आला. कोकेनच्या बाबतीत स्वच्छ नमुने ५४ टक्के विरुद्ध २८ टक्के आणि अफूवर्गीय द्रव्यांच्या बाबतीत ६० टक्के विरुद्ध ३७ टक्के. ज्यांच्या बाबतीत इतर उपाय थकले होते, त्यांच्यात हा फरक तीन वर्षे टिकला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मग खरा प्रश्न विचारला गेला. गुण कशाचा? संगणक शिकण्याचा, पगाराचा, की अटीचा? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथाडोन घेणारे, पण कोकेन न सुटलेले बेकार लोक निवडले गेले. दोन्ही गटांना २६ आठवडे तेच संगणकाचे शिक्षण आणि तोच मेहनताना. फरक एकच. एका गटाला रोज येण्याची मुभा, दुसऱ्याला स्वच्छ राहिल्यासच प्रवेश आणि पूर्ण दाम. पहिल्या गटाचे स्वच्छ नमुने १० टक्के निघाले, दुसऱ्याचे २९ टक्के. म्हणजे संगणकाचे शिक्षण आणि पैसा दोन्ही असूनही, अट नसेल तर फारसे काही बदलत नाही. 'सपोर्टेड वर्क'ने जे सुचविले होते, तेच येथे पुन्हा दिसले. आणि प्रामाणिकपणे हेही सांगावयास हवे की, अट असूनही दहापैकी सात नमुने स्वच्छ नव्हते. हा जादूचा मंत्र नव्हे.

यापुढची पायरी प्रत्यक्ष धंद्याची होती. जॉन्स हॉपकिन्समधील या मंडळींनी 'हॉपकिन्स डेटा सर्व्हिसेस' नावाने माहिती भरण्याचा ना-नफा व्यवसाय उभा केला. शिक्षण पूर्ण केलेल्यांना तेथे एक वर्षाची नोकरी मिळाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ५१ जणांचा हिशेब आहे. नोकरीला स्वच्छ राहण्याची अट असलेल्यांचे ७९ टक्के नमुने कोकेनरहित आढळले. अट नसलेल्यांचे ५१ टक्के.

आता नावेची बाजू. ते वर्ष संपले, नोकरी संपली आणि पुढील काळात दोन्ही गटांतील फरक टिकला नाही. २०११ साली संशोधकांनी हे स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. जोवर व्यवस्था होती, तोवर माणूस सावरलेला होता. व्यवस्था काढून घेतल्यावर तो लाभ ओसरला. आपल्या प्रयोगाचा तोटाही नफ्याइतक्याच ठळकपणे वहीत मांडणारे हे लोक पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

त्या तोट्यातूनच पुढचा विचार निघाला. कार्यशाळेतून बाहेर पडून दुसरीकडे नोकरी मिळविल्यावरही, स्वच्छ राहण्याच्या अटीवर पगाराला काही भर देत राहावे, असा प्रयोग करण्यात आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निकालात भर मिळणाऱ्यांचे ६५ टक्के नमुने स्वच्छ होते, इतरांचे ४५ टक्के; आणि नोकरीत असलेल्यांचे प्रमाण ५९ टक्के विरुद्ध २८ टक्के असे निघाले.

या साऱ्या इतिहासाचे सार मी एका वाक्यात असे काढतो : माणसाला सावरते ते शिकलेले कसब नव्हे, रोज उघडणारे एक दार, तेथे आपली ठरलेली जागा आणि त्या जागेची रोज पाळावी लागणारी अट, ही तिन्ही मिळून त्याला सावरतात. संगणक हे ते दार रोज उघडण्याचे निमित्त आहे.

घरचा रोजमेळ

येथवर दूरदेशीचा हिशेब मांडला. आता घरचा मांडतो. शोधनिबंध समजावून देणाऱ्या ज्या पुतणीचा उल्लेख आरंभी केला, तिचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. पुढील मजकूर त्याच्या संमतीने, किंबहुना त्याच्याच आग्रहावरून लिहीत आहे.

माझा भाऊ दारूच्या आहारी गेला होता. समाजातील पुष्कळांना ते ठाऊक होते आणि आम्ही ते कोणाला ठाऊक नाही अशा थाटात वावरत होतो. १९९६ साली तो प्रथम उपचार घेऊन परतला. आम्ही त्याला प्रेमाने घरी ठेवले. दुकानात आला तर "तू आराम कर," असे म्हणत असू. गल्ल्याची किल्ली तो दिसताच माझ्या खिशात जाई. तो सर्व पाहत होता. सकाळी नऊ ते रात्री नऊ हे बारा तास त्याने कसे काढावेत, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नाही. चौथ्या महिन्यात त्याने पुन्हा घेतली. "आम्ही काय कमी केले?" असे आम्ही त्यालाच विचारले.

२००५ साली व्हॅट आला, तेव्हा दुकानात संगणक घेणे भाग पडले. भाऊ दुसऱ्यांदा उपचार घेऊन नुकताच परतला होता. बिलांच्या नोंदी करायला मुलगा मिळेना, म्हणून केवळ नाइलाजाने मी त्याला त्या खुर्चीवर बसविले. पंचेचाळिशीचा माणूस एका बोटाने अक्षरे शोधीत बसे. शिकवायला येणारा तरुण त्याच्या निम्म्या वयाचा होता. महिनाभराने त्याचे दोन्ही हात चालू लागले. आमच्या मातोश्रींनी एकच शर्त घातली होती : दुकानात येण्यापूर्वी त्याने त्यांना नमस्कार करून यायचे आणि त्यांच्या समोर क्षणभर उभे राहायचे. वास आला, तर त्या दिवशी दुकान नाही; घरातच थांबायचे, उद्या पुन्हा यायचे. त्या माउलीने बाल्टिमोरचे नावही ऐकले नव्हते. रात्री दुकान वाढविताना तो रोजमेळ जुळवून माझ्यापुढे ठेवी आणि म्हणे, "दादा, जुळला." पहिल्या वर्षात मी त्या शब्दाकडे लक्षही दिले नाही. तो केवळ हिशेबाविषयी बोलत नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

तो आठ वर्षे स्वच्छ राहिला. २०११ साली मातोश्री गेल्या. २०१३ साली मी सोयीसाठी सर्व हिशेबाचे काम बाहेरच्या हिशेबनिसाकडे सोपविले. खर्चात बचत झाली, चुका कमी झाल्या. भावाची खुर्ची मात्र गेली. "आता तुला कटकट नाही," असे मी त्याला मोठ्या मनाने सांगितले. दिवाळीच्या आधीच तो पुन्हा उपचार केंद्रात होता.

मला वाटत होते की, आठ वर्षांनी माणूस बरा झाला, आता त्याला खुर्चीची गरज काय. बाल्टिमोरच्या संशोधकांनी दोन वर्षे आधी जे लिहून ठेवले होते, तीच चूक मी माझ्या घरात केली. त्यांच्याकडे प्रयोगाची मुदत संपली होती; माझ्याकडे तर तसे काहीही कारण नव्हते.

आज भाऊ साठीच्या पुढे आहे. तिसऱ्या उपचारानंतर हिशेबाचे काम मी परत दुकानात आणले. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा नवी नोंदपद्धती तोच प्रथम शिकला आणि त्याने मला शिकविली. आता मातोश्री नाहीत. सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहतो. दोघांनाही अवघडल्यासारखे होते. तरीही तो उभा राहतो आणि मी पाहतो.

पुढील बैठकीसाठी

ट्रस्टच्या सन्माननीय सदस्यांपुढे मी दोन-तीन गोष्टी नम्रपणे ठेवू इच्छितो. संगणक वर्ग सकाळी उघडावा, ही विनंती मान्य व्हावी. परंतु तीन महिन्यांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि समारोपाचे छायाचित्र एवढ्यावर ते संपणार असेल, तर इतिहास सांगतो की त्याचा फारसा उपयोग होणार नाही. शिकलेल्या माणसाला बसायला खुर्ची लागेल. ती ट्रस्टपाशी नाही, आपल्यापाशी आहे. या गावात आपल्या समाजाची कितीतरी दुकाने आणि पेढ्या आहेत. प्रत्येकाकडे नोंदीचे, साठ्याचे, बिलांचे थोडेफार काम असतेच. पाच दुकानांनी रोज दोन-तीन तासांचे काम दिले, तर पाच माणसांची सोय होते.

दुसरे, अट स्पष्ट असावी आणि ती अपमान न करता पाळली जावी. तपासणी कशी करावी हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे आणि व्यसनमुक्तीचा उपचार त्याबरोबर चालूच राहावा. संगणक वर्ग हा उपचाराला पर्याय नव्हे. घसरलेल्याला त्या दिवशी परत पाठवावे, पण दुसऱ्या दिवशी दार उघडे ठेवावे. माझ्या समजुतीप्रमाणे या दुसऱ्या दिवसाचे महत्त्व पहिल्यापेक्षा अधिक आहे.

तिसरे, ही वही मुदतीची नसावी. आपला ट्रस्ट पन्नास वर्षे चालला, तो एखाद्या मोठ्या देणगीमुळे नव्हे, तर रोज सकाळी कोणीतरी कुलूप उघडीत आले म्हणून. त्याच किल्लीने आणखी एक खोली उघडायची आहे.

त्या बैठकीत ज्या ज्येष्ठांनी प्रश्न विचारला होता, त्यांच्या प्रश्नाबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तो विचारला गेला नसता, तर हा शोध मी घेतलाच नसता. आता माझे उत्तर असे आहे : मन ठिकाणावर आल्यावर माणूस कामावर येतो असे नाही, रोज ठिकाणावर यायला मिळाले, तर मन हळूहळू त्याच्या मागोमाग येते. वर्ग सुरू झाल्यास पहिल्या दिवशी शिकविण्यासाठी माझ्या भावाने आपले नाव दिले आहे. एका बोटाने अक्षरे शोधणाऱ्याला घाई करू नये, हे त्याला चांगले ठाऊक आहे.